वाद गुडघ्याचा, प्रश्न पोलिसांचा

2015 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, मॅडिसन नावाच्या गावात, सत्तावन वर्षांचे एक गुजराती गृहस्थ सकाळी फिरायला बाहेर पडले. नातवाला सांभाळायला म्हणून मुलाकडे नुकतेच आले होते. कुणीतरी पोलिसांना फोन केला की एक सडपातळ काळा माणूस घरांकडे बघत हिंडतोय, बायकोला घरी एकटं सोडून जायची मला भीती वाटते. पोलिसांची गाडी आली, त्यांनी भराभर प्रश्न विचारले. या गृहस्थांना इंग्रजीचा गंध नव्हता. 'नो इंग्लिश' म्हणत ते मुलाच्या घराकडे बोट दाखवत राहिले. एका पोलिसाने त्यांचे हात मागे धरले, पायाला झटका दिला आणि त्यांना तोंडावर आपटलं. मानेला मार बसला, शरीर काही अंशी लुळं पडलं. हे सगळं पोलिसांच्याच गाडीतल्या कॅमेऱ्यात टिपलं गेलं. राज्यपालांनी माफी मागितली. खटला उभा राहिला, दोन वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही, आणि 2016 च्या जानेवारीत न्यायाधीशांनी त्या पोलिसाला निर्दोष सोडलं.

ही बातमी आम्ही कॅलिफोर्नियात, सनीव्हेलच्या घरात वाचली. तीनच महिन्यांनी माझे बाबा साताऱ्याहून आमच्याकडे आले. सगळं आयुष्य एसटीत कंट्रोलर म्हणून गेलेलं. पहाटे साडेपाचला उठायचं आणि सहाला फिरायला निघायचं हे अंगात मुरलेलं. कानटोपी, बिनबाह्यांचा स्वेटर, दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. पहिल्याच आठवड्यात मी एका कागदावर आमचा पत्ता, माझा फोन नंबर आणि 'यांना इंग्रजी फारसं येत नाही' एवढं इंग्रजीत छापून त्यांच्या खिशात ठेवलं. वर बजावलं, "बाबा, पोलिसांनी हटकलं तर जागच्या जागी उभे राहा. काही झालं तरी खिशात हात घालू नका." बाबांनी कागदाची घडी उलगडून बघितली, पुन्हा घातली आणि विचारलं, "अरे, मग हा कागद त्यांना दाखवायचा कसा?"

मला उत्तर देता आलं नाही. काळ्या अमेरिकन घरांत मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की आईबाप त्याला हेच समजावतात: हात दिसतील असे ठेव, उलट बोलू नकोस, अचानक हलू नकोस. मला हे एकदाच, पाहुणे म्हणून आलेल्या बाबांना सांगावं लागलं. काळ्या घरांत हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय.

मॅडिसन हे हंट्सव्हिल शहराला अगदी खेटून आहे. त्याच हंट्सव्हिलमध्ये 22 सप्टेंबर 2017 ला राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प प्रचारसभेला आले. काळ्या माणसांवरच्या पोलिसी जुलमाचा निषेध म्हणून काही फुटबॉल खेळाडू तेव्हा राष्ट्रगीत चालू असताना गुडघा टेकत होते. अशा खेळाडूंना मालकांनी आईवरून शिवी देऊन मैदानाबाहेर हाकलावं, असं ते म्हणाले, आणि सभा आनंदाने ओरडली. ते टीव्हीवर बघताना माझ्या डोळ्यांसमोर ते गुजराती आजोबा होते. खेळाडू ज्यासाठी गुडघा टेकत होते ते त्या सभेपासून गाडीने काही मिनिटांच्या अंतरावर, अडीच वर्षांपूर्वी, घडून गेलेलं होतं. सभेत त्याचा उल्लेख कुणी केला नाही. राग सगळा गुडघ्यावर होता.

तेव्हापासून मी हा वाद जवळून बघतो आहे, आणि माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत गेलंय. गेल्या दहा वर्षांत अमेरिकेत निषेधाच्या रीतीवर अखंड चर्चा झाली, आणि पोलिसांना जाब विचारणारी व्यवस्था कशी असावी हा मूळ प्रश्न तिच्याआड जाऊन बसला. ज्यांना गुडघा खुपला त्यांनी तो आड ढकलला. ज्यांनी पुढे गुडघ्याचा उत्सव केला त्यांनीही तेच केलं.

सुरुवात कशी झाली ते आधी सांगतो, कारण ते फार लवकर विसरलं गेलं. अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू, शिरस्त्राणं, अंगावर चिलखत घातल्यासारखे खेळाडू. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, 32 संघ आहेत. निम्म्याहून जास्त खेळाडू काळे, मालक जवळपास सगळे गोरे अब्जाधीश. कॉलिन कॅपर्निक हा सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची प्रत्येक चाल ज्याच्या हातून सुरू होते तो खेळाडू. 2013 च्या फेब्रुवारीत त्याने संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, नेलं होतं. संघाचं स्टेडियम सँटा क्लारामध्ये आहे, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. आमच्या मराठी मित्रमंडळींतही त्याच्या नावाचे लाल टीशर्ट होते.

2016 च्या जुलैत दोन दिवसांत दोन काळी माणसं पोलिसांच्या गोळ्यांनी मेली. बॅटन रूजमध्ये ऑल्टन स्टर्लिंग आणि दुसऱ्याच दिवशी मिनेसोटात फिलँडो कॅस्टिल. कॅस्टिल हा शाळेच्या खानावळीत काम करायचा. गाडीचा मागचा दिवा बंद आहे असं सांगून त्याला थांबवण्यात आलं. आपल्याजवळ परवान्याचं पिस्तूल आहे हे त्याने स्वतःहून, अदबीने सांगितलं. त्याने ओळखपत्र काढायला हात हलवला आणि पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. मागच्या सीटवर त्याच्या मैत्रिणीची चार वर्षांची मुलगी होती. माझ्या बाबांनी विचारलेला प्रश्न फिलँडो कॅस्टिललाही पडला असणार.

लगोलग 7 जुलैला डॅलसमध्ये मोर्चाचा बंदोबस्त करणाऱ्या पाच पोलिसांना एका माणसाने टिपून मारलं. हेही त्याच आठवड्यात घडलं, आणि ते गाळून जो या विषयावर लिहितो त्याच्यावर पोलिसांच्या घरच्यांनी विश्वास का ठेवावा? ज्या देशात लोकसंख्येहून बंदुका जास्त आहेत तिथे गाडी थांबवणाऱ्या पोलिसाच्या पोटात भीतीचा गोळा उठतो, ती भीती खरी असते. म्हणूनच प्रशिक्षण, नियम आणि चौकशी यांना इतकं महत्त्व आहे.

ऑगस्टमध्ये सरावाच्या सामन्यांत राष्ट्रगीताच्या वेळी कॅपर्निक बाकावर बसून राहिला. दोन सामने कुणाच्या लक्षातही आलं नाही. तिसऱ्या सामन्यात एका पत्रकाराने विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, काळ्या माणसांवर जुलूम करणाऱ्या देशाच्या झेंड्याचा अभिमान दाखवायला मी उभा राहणार नाही. गदारोळ झाला. नेट बॉयर नावाचा एक माजी सैनिक, लष्कराच्या विशेष दलात इराक-अफगाणिस्तान बघून आलेला आणि नंतर काही काळ फुटबॉलही खेळलेला, त्याने कॅपर्निकला जाहीर पत्र लिहिलं: मला राग आला आहे, पण तुझं ऐकून घ्यायला मी तयार आहे. सॅन डिएगोत संघ उतरला होता त्या हॉटेलच्या लॉबीत दोघं भेटले, सोबत एरिक रीड हा सहखेळाडू. बॉयरने सुचवलं की बसण्यापेक्षा गुडघा टेक. सैनिक पडलेल्या सोबत्याच्या थडग्यापुढे गुडघा टेकतात. 1 सप्टेंबर 2016 ला कॅपर्निक आणि रीडने पहिल्यांदा गुडघा टेकला, आणि बॉयर त्यांच्या शेजारी छातीवर हात ठेवून उभा राहिला.

मला या साऱ्या प्रकरणातली ही सगळ्यात मोलाची घटना वाटते. ज्याला अपमान वाटला त्याने पत्र लिहिलं, ज्याने अपमान केला असं म्हणत होते त्याने ऐकलं आणि आपली रीत बदलली. सैनिकांचा मान राखण्यासाठीच बदलली. म्हणजे पुढे चार वर्षं 'सैनिकांचा अपमान' म्हणून ज्यावर आग पाखडली गेली ती कृती एका सैनिकाने सुचवलेली होती. आग पाखडणाऱ्या बहुतेकांना हे सांगितलं तरी फरक पडत नव्हता. मी स्वतः दोन-तीन शेजाऱ्यांना सांगून बघितलं आहे.

आपल्या वाचकांना हा भाग समजावून सांगायला लागत नाही. महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांत 2003 पासून राष्ट्रगीत वाजतंय. 2016 च्या शरद ऋतूत, कॅपर्निकचा वाद ऐन भरात असताना, पणजीतल्या एका मल्टिप्लेक्समध्ये राष्ट्रगीताला उभा राहिला नाही म्हणून एका माणसाला मागच्या रांगेतून फटका बसला. तो व्हीलचेअर वापरणारा होता. उठणं त्याच्या शरीराला शक्यच नव्हतं. त्याच नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने देशभर राष्ट्रगीत सक्तीचं केलं आणि 2018 च्या जानेवारीत ती सक्ती मागे घेतली. राष्ट्रगीत सुरू झालं की माझे पाय आपोआप उभे राहतात, शाळेच्या मैदानापासूनची सवय आहे आणि ती मला प्रिय आहे. पण शेजारच्याच्या पायांवरून त्याचं देशप्रेम मोजायला लागलो की आपण काय करून बसतो ते पणजीत दिसलं.

एनएफएलच्या राष्ट्रगीताची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. 2009 पर्यंत संध्याकाळच्या मोठ्या सामन्यांत खेळाडू राष्ट्रगीताच्या वेळी मैदानावर नसायचेच, आत खोलीत असायचे. मैदानावर रांगेत उभं राहण्याची परंपरा एवढी ताजी. आणि 2015 मध्ये जॉन मॅकेन आणि जेफ फ्लेक या दोन सिनेटरांनी, दोघेही रिपब्लिकन, मॅकेन स्वतः व्हिएतनाममध्ये युद्धकैदी राहिलेले, अहवाल काढून दाखवलं की मैदानावरच्या सैनिकांच्या सत्कारांसाठी आणि झेंड्यांच्या सोहळ्यांसाठी संरक्षण खातं व्यावसायिक संघांना पैसे मोजत होतं. हा आकडा सुमारे 68 लाख डॉलर होता. लीगने पुढे सात लाखांहून अधिक डॉलर परत केले. म्हणून 'खेळात राजकारण आणू नका' हा आक्षेप मला मान्य होत नाही. राजकारण तिथे आधीच होतं, मोल देऊन आणलेलं होतं.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. मैदान ही खेळाडूची कामाची जागा आहे, आणि नोकरीवर असताना मालकाचे नियम लागू होतात. अमेरिकेच्या घटनेतलं अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य सरकारच्या विरोधात आहे, खासगी मालकाच्या विरोधात नाही. मी ज्या कंपनीत काम करतो तिथल्या बैठकीत मी गुडघा टेकला तर मलाही विचारणा होईल. हे खरं आहे. पण हंट्सव्हिलच्या सभेत काय झालं? देशाचा राष्ट्राध्यक्ष खासगी मालकांना सांगत होता की मतं न पटणाऱ्या कामगारांना काढून टाका. घटनेने ज्याच्यापासून नागरिकाला वाचवायचं ठरवलं होतं ते नेमकं हेच नव्हतं का? त्यानंतरच्या रविवारी दोनशेहून अधिक खेळाडू बसले किंवा गुडघ्यावर गेले. कॅपर्निक तेव्हा लीगमध्ये नव्हताच. 1 जानेवारी 2017 नंतर, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षापासून, त्याला एकाही संघाने घेतलं नाही. मालकांनी संगनमत केलं असा दावा त्याने लावला, 2019 च्या फेब्रुवारीत तो तडजोडीने मिटला, अटी गुप्त राहिल्या.

कॅपर्निकचं सगळं मला पटतं असं नाही. सरावाच्या वेळी त्याने पोलिसांची टोपी घातलेल्या डुकरांची चित्रं असलेले मोजे घातले होते. ज्या पोलिसांना बदलायचं आहे त्यांना डुक्कर म्हटल्यावर ते ऐकतील कशाला? आणि 2020 मध्ये त्याने पोलीस आणि तुरुंग ही व्यवस्थाच नाहीशी करावी अशी भूमिका घेतली, ती मला चूक वाटते. पण 2016 मध्ये तो मागत होता ते साधं होतं: गणवेशातल्या माणसाने कुणाला मारलं तर त्याची नीट चौकशी व्हावी. एवढ्यावर तर बॉयरसारखा सैनिकही त्याच्या शेजारी उभा राहू शकला.

मग 25 मे 2020 उजाडला. मिनीआपोलिस, अडतिसावा रस्ता आणि शिकागो ॲव्हेन्यूचा कोपरा. वीस डॉलरची खोटी नोट दिल्याचा संशय. जॉर्ज फ्लॉइड, जो ह्यूस्टनच्या शाळेत असताना स्वतः फुटबॉल खेळला होता आणि शाळेच्या संघाबरोबर राज्याच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला होता, त्याच्या मानेवर डेरेक शॉविन या पोलिसाने नऊ मिनिटं एकोणतीस सेकंद गुडघा दाबून धरला. पोलिसांनी काढलेल्या पहिल्या निवेदनात गुडघ्याचा उल्लेख नव्हता. अटकेच्या वेळी प्रकृती बिघडून एक माणूस दगावला, एवढंच होतं. फुटपाथवर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या मुलीने फोनवर चित्रण केलं नसतं तर तेच निवेदन कायमचं राहिलं असतं.

शॉविनवर त्याआधी दीड डझनाच्या आसपास तक्रारी झालेल्या होत्या. त्यातल्या दोनच तक्रारींवर कारवाई झाली, तीही नुसती ताकीद देण्यापुरती. मला या एका आकड्यात सगळा प्रश्न दिसतो. अमेरिकेत एक राष्ट्रीय पोलीस दल नाही, आपल्यासारखं राज्याच्या गृहखात्याच्या हाताखालचं दलही नाही. गावागावाचं आपलं पोलीस दल, आणि अशी सुमारे अठरा हजार दलं. त्यातल्या अनेकांचा पोलीस युनियनशी आपापला वेगळा करार. त्या करारांत अनेक ठिकाणी असं असतं की जुन्या तक्रारी नोंदीतून काढून टाकायच्या, गोळी झाडलेल्या पोलिसाला जबाब द्यायला आधी अवधी द्यायचा, आणि प्रमुखाने कुणाला काढलं तर लवादाकडे जायचं. लवाद बऱ्याचदा त्याला परत घ्यायला लावतो. एका गावातून काढलेला पोलीस शेजारच्या गावात नोकरीला लागतो. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने घडवलेला 'क्वालिफाइड इम्युनिटी'चा सिद्धांत आहे: अगदी तशाच प्रसंगात तशीच कृती बेकायदा असल्याचं आधी एखाद्या न्यायालयाने म्हटलेलं नसेल, तर पोलिसावर वैयक्तिक नुकसानभरपाईचा दावा बहुधा टिकत नाही. मग भरपाई कोण देतं? शहर देतं. फ्लॉइडच्या घरच्यांना मिनीआपोलिसने 2 कोटी 70 लाख डॉलर दिले, म्हणजे तिथल्या करदात्यांनी दिले, ज्यांत फ्लॉइडचे शेजारीही आले.

यावर राष्ट्रीय चर्चा व्हायला हवी होती. झाली ती वेगळीच.

5 जूनला एनएफएलचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी चित्रफीत काढून कबूल केलं की खेळाडूंचं आधी ऐकलं नाही ही आमची चूक झाली. कॅपर्निकचं नाव त्यांनी घेतलं नाही. त्या मोसमात मैदानाच्या टोकांना 'एंड रेसिझम' अशी अक्षरं रंगवली गेली, शिरस्त्राणांवर घोषणा आल्या. 10 सप्टेंबर 2020 ला कॅन्सस सिटीत पहिला सामना झाला. राष्ट्रगीत होऊन गेलं. त्यानंतर दोन्ही संघांचे खेळाडू मैदानाच्या मध्यावर आले, हातात हात गुंफून क्षणभर शांत उभे राहिले. त्या क्षणी कुणी गुडघा टेकलेला नव्हता, झेंड्याकडे कुणी पाठ केली नव्हती, राष्ट्रगीत चालू नव्हतं. तरीही प्रेक्षकांतून हुर्यो उठली, टीव्हीवर स्पष्ट ऐकू आली. चार वर्षं ज्यांनी 'आमचा विरोध फक्त झेंड्याच्या अपमानाला आहे' असं मनापासून सांगितलं, त्यातल्या अनेकांना ते खरंच वाटत असेल. पण त्या क्षणी त्या मैदानावर अपमान करायला काही नव्हतंच, आणि तरी आवाज तोच होता.

इंग्लंडने हे आणखी उघड करून दाखवलं. तिथे, आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्या फुटबॉलमध्ये, 17 जून 2020 पासून प्रीमियर लीगचे खेळाडू सामना सुरू होण्याच्या आधी गुडघा टेकू लागले. राष्ट्रगीताशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. मग आक्षेप बदलला: हा मार्क्सवाद आहे. गृहमंत्री प्रीती पटेल याला दिखाऊ राजकारण म्हणाल्या. 2021 च्या जूनमध्ये मिडल्सबरोला इंग्लंडच्याच प्रेक्षकांनी इंग्लंडच्याच खेळाडूंची हुर्यो उडवली. महिन्याभराने लंडनच्या वेम्बली मैदानावर युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रॅशफर्ड, सँचो आणि साका या तीन काळ्या खेळाडूंच्या पेनल्टी हुकल्या आणि त्यांच्या फोनवर माकडांची चित्रं येऊन पडली. साका तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.

क्रिस्टल पॅलेसचा विल्फ्रेड झाहा त्याआधीच, मार्च 2021 मध्ये, एकटा उभा राहिला होता. गुडघा टेकणं हा सामन्याआधीचा एक विधी होऊन बसलाय, आम्ही टेको वा न टेको, शिव्या थांबत नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं. त्याला मी शंभर टक्के मानतो. 2025 च्या जुलैत इंग्लंडच्या महिला संघानेही युरो स्पर्धेच्या उपांत्य सामन्याआधी गुडघा टेकणं थांबवलं, कारण त्यांची सहकारी जेस कार्टर हिला समाजमाध्यमांवर वर्णावरून शिवीगाळ झाली होती. झाहाने आणि या मुलींनी विधीपेक्षा मूळ मागणीकडे बोट दाखवलं.

आपला संघही गुडघ्यावर गेला आहे. 24 ऑक्टोबर 2021, दुबई, टी-20 विश्वचषक, भारत-पाकिस्तान. सामन्याआधी भारतीय खेळाडूंनी अमेरिकेतल्या काळ्या माणसांसाठी गुडघा टेकला आणि आपल्याकडे त्यावर फारसं कुणी चिडलं नाही. त्याच रात्री आपण हरलो आणि मोहम्मद शमीला त्याच्या धर्मावरून देशद्रोही म्हणणाऱ्यांची झुंबड उडाली. विराट कोहली त्याच्या पाठीशी उभा राहिला, हे धैर्याचं होतं. मी तो सामना इथल्या मराठी मित्रांबरोबर पहाटे उठून बघत होतो. दुसऱ्या दिवशी आमच्या गटात शमीबद्दल जे फिरलं ते वाचून मला लाज वाटली, आणि मी ते त्या गटात लिहिलं. दोघांनी गट सोडला. दूरच्या अन्यायासाठी गुडघा टेकणं आम्हां सगळ्यांना जमलं होतं.

महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केली ज्यांनी गुलामांना मुक्त केलं. त्यांनी अमेरिकेकडे बघितलं ते आपल्या दाराशी काय चाललंय ते दाखवण्यासाठी. अमेरिकेत स्थिरावलेल्या आम्हा मराठी माणसांना हे नातं तोंडपाठ असायला हवं. त्याऐवजी आमच्या मेळाव्यांत ऐकू येतं ते असं, की आपण कायदा पाळणारी माणसं, आपला यात काय संबंध. मॅडिसनच्या त्या आजोबांनीही कुठला कायदा मोडला नव्हता.

आता माझ्याच बाजूच्या चुकीकडे येतो, कारण ती महागात पडली. 7 जून 2020 ला मिनीआपोलिसच्या नऊ नगरसेवकांनी एका बागेत व्यासपीठावर उभं राहून पोलीस दल मोडीत काढायचं वचन दिलं. 'डिफंड द पोलीस', म्हणजे पोलिसांचा पैसा काढून घ्या, ही घोषणा देशभर गेली. त्याच वर्षी अमेरिकेत खून जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढले, नोंदी ठेवायला लागल्यापासूनची एका वर्षातली सगळ्यात मोठी वाढ. गोळीबाराच्या आवाजात झोपणाऱ्या वस्त्यांना, त्यात काळ्या वस्त्या आल्याच, पोलीस कमी नको होते, बरे पोलीस हवे होते. नोव्हेंबर 2021 मध्ये मिनीआपोलिसच्या मतदारांनी पोलीस दलाच्या जागी नवा विभाग आणण्याचा प्रस्ताव फेटाळला. ऑस्टिन शहराने पोलिसांचं अंदाजपत्रक एक तृतीयांशाने कापलं आणि वर्षभरात परत जागेवर आणलं. विरोधकांना या एका शब्दावर अनेक निवडणुकांचा दारूगोळा मिळाला. वॉशिंग्टनमध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या नावाचं विधेयक कनिष्ठ सभागृहात दोनदा मंजूर झालं, सिनेटमध्ये अडकलं, आणि सप्टेंबर 2021 मध्ये दोन्ही पक्षांची बोलणी फिसकटली ती मुख्यतः क्वालिफाइड इम्युनिटीसारख्या मुद्द्यांवर, म्हणजे ज्यावर मैदानातल्या वादात फारसं कुणी बोललं नव्हतं.

बदल शक्य आहे, हे मात्र ज्यांना बघायचंय त्यांना दिसेल. न्यू जर्सीतल्या कॅम्डन शहराने 2013 मध्ये आपलं पोलीस दल बरखास्त करून जिल्ह्याच्या अखत्यारीत नवं उभारलं. लोकवस्ती पाऊण लाखाची, आणि 2012 मध्ये तिथे 67 खून झाले होते. दशकाच्या अखेरीस तो आकडा निम्म्याच्याही खाली आला. सुरुवातीला नव्या दलाने किरकोळ गोष्टींसाठी लोकांना दंड ठोकून जेरीस आणलं होतं. रहिवाशांनी तक्रारी केल्या, बळ वापरण्याचे नियम पुन्हा लिहिले गेले. कोलोरॅडोने 2020 मध्ये राज्याच्या कायद्याखालच्या दाव्यांत पोलिसांना क्वालिफाइड इम्युनिटीचा आधार घेता येणार नाही असं ठरवलं. न्यूयॉर्कने पोलिसांवरच्या शिस्तभंगाच्या नोंदी गुप्त ठेवणारं कलम रद्द केलं. यातलं एकही काम कॅमेऱ्यासमोर करण्याजोगं नाही, आणि मला वाटतं म्हणूनच त्याच्या फारशा बातम्या झाल्या नाहीत.

2025 च्या फेब्रुवारीत न्यू ऑर्लिन्समध्ये सुपर बोल झाला तेव्हा मैदानाच्या टोकाला 'एंड रेसिझम' नव्हतं. त्याच्या जागी 'चूज लव्ह' रंगवलेलं होतं. पुसलेल्या अक्षरांवर माझे मित्र दोन दिवस चिडून बोलत होते. 21 मे 2025 ला, फ्लॉइडच्या मृत्यूला पाच वर्षं व्हायला चार दिवस उरले असताना, केंद्रीय न्याय खात्याने मिनीआपोलिस आणि लुईव्हिलच्या पोलिसांवर न्यायालयाची देखरेख आणणारे करार सोडून द्यायचं जाहीर केलं. त्याबद्दल त्याच मित्रांपैकी एकाचाही फोन आला नाही.

मिनीआपोलिसमध्ये एक करार अजून उभा आहे. मिनेसोटा राज्याच्या मानवी हक्क विभागाने 2023 मध्ये शहराशी केलेला, न्यायालयाच्या शिक्क्याचा. त्यात एक कलम असं आहे की गाडीचा दिवा बंद आहे एवढ्याच कारणावरून पोलिसांनी गाडी अडवायची नाही. फिलँडो कॅस्टिलची गाडी अडवताना त्याला हेच कारण सांगितलं होतं. तो मेला ते फाल्कन हाइट्स हे गाव मिनीआपोलिसपासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. पण तिथलं पोलीस काम दुसऱ्या दलाकडे होतं, आणि मिनीआपोलिसचा करार शहराच्या हद्दीपलीकडे लागू होत नाही.